लोंगेवाल्याचं हंटर टेबलावर: १:७२ मॉडेल सुट्या तुकड्यांपासून वाळवंटी धुळीपर्यंत

विमानाच्या मॉडेलच्या किटचा खोका घरी आला की हात शिवशिवतात. प्लॅस्टिकची पिशवी फाडून कॉकपिटचे तुकडे कापायला घ्यावेसे वाटतात. माझी पहिली तीन-चार मॉडेलं अशीच झाली आणि आज ती माळ्यावर आहेत. मग एकदा कुणीतरी विचारलं, "हे नेमकं कुठलं हंटर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रंग एका काळातला, खुणा दुसऱ्या काळातल्या, आणि पंखांखालच्या टाक्या मला आवडल्या म्हणून लावलेल्या. तेव्हापासून एक नियम पाळतो: आधी एका विमानाचा एक फोटो निवडायचा, त्याची प्रिंट टेबलासमोर भिंतीवर डकवायची आणि शंका आली की किटबरोबरच्या कागदाआधी त्या फोटोकडे बघायचं.

या लेखासाठी मी भारतीय वायुसेनेचं हॉकर हंटर हे जेट लढाऊ विमान घेतोय, १९७१ च्या डिसेंबरात, लोंगेवाल्याच्या लढाईच्या वेळी, जैसलमेरच्या तळावर असेल तसं. नवशिक्याला झेपेल इतकं सोपं आहे, आणि डोळसपणे करणाऱ्याला त्यात पुष्कळ वाव आहे.

विमानाची ओळख, कामापुरती

हंटर हॉकर कंपनीचे रचनाकार सिडनी कॅम यांच्या देखरेखीखाली घडलं. दुसऱ्या महायुद्धातलं हरिकेनही त्यांचंच. हंटरचं पहिलं उड्डाण २० जुलै १९५१ रोजी झालं. भारताने घेतलेल्या आवृत्तीला एफ-५६ म्हणतात. ती १६० विमानं मुळात ब्रिटिश एफ-६ च्याच घडणीची, पण त्यांना शेपटीत ब्रेक पॅराशूट दिलेलं होतं. पुढे एफजीए-९ वर आधारलेली एफ-५६ए आली. नंबरांची ही जंत्री कंटाळवाणी वाटेल, पण मॉडेल करणाऱ्याला ती फार महत्त्वाची. ब्रेक पॅराशूटचं घर म्हणजे जेटच्या तोंडाच्या वर दिसणारा फुगवटा. किटमध्ये साधं एफ-६ असेल तर तो फुगवटा नसतो, आणि त्याच्याशिवाय तुमचं 'भारतीय' हंटर रंग बदललेलं ब्रिटिश विमानच राहतं.

१:७२ मध्ये (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं) रेव्हेलचं एफजीए-९ आणि १:४८ मध्ये एअरफिक्सचं २०१८ साली आलेलं एफ-६, ही दोन किटं बऱ्यापैकी माहितीतली आहेत. खरं विमान १३.९८ मीटर लांब आणि पंखांची रुंदी १०.२६ मीटर. म्हणजे १:७२ ला साधारण १९.४ सें.मी. लांब आणि १४ सें.मी. रुंद, तर १:४८ ला २९ सें.मी. लांब. आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या शोकेसचा विचार केला तर १:७२ बरं. खोक्यातल्या खुणा बहुधा ब्रिटिश असतात, त्यामुळे भारतीय चक्रं, शेपटीचे पट्टे आणि 'बीए'ने सुरू होणारे क्रमांक असलेला डिकॅलचा (पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या छापील खुणांचा) कागद वेगळा मागवावा लागतो. तो हातात पडेपर्यंत रंगकामाला लागू नका. क्रमांक ठरल्याशिवाय फोटो ठरत नाही.

फोटो कुठे मिळतील? दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात हंटर उभं आहे आणि जैसलमेरच्या युद्ध संग्रहालयातही एक आहे. तिथे गेलात तर समोरून एक झोकदार फोटो काढून थांबू नका. वाकून पोटाखालचे, चाकांच्या खोबणीतले आणि नाकाखालचे फोटो काढा. मात्र संग्रहालयातली विमानं अनेकदा नव्याने रंगवलेली असतात. त्यांचा आकार खरा मानावा, रंग मानू नये.

टेबलावर काय लागेल

स्प्रू कापायचं निपर (स्प्रू म्हणजे ज्या चौकटीत तुकडे अडकलेले असतात ती), धारदार ब्लेडचा चाकू, बारीक कानस, चिमटा आणि ४०० ते २००० नंबरचे वॉटर पेपर. वॉटर पेपर गाड्या रंगवणाऱ्यांच्या दुकानात मिळतो, नखं चमकवायचा बफर तुळशीबागेत आणि बारीक ब्रश अप्पा बळवंत चौकात. प्लॅस्टिक चिकटवायला पातळ मॉडेल सिमेंट हवं. ते प्लॅस्टिक वितळवून एकजीव करतं. फेविक्विक धातूच्या आणि रेझिनच्या तुकड्यांसाठी ठेवा. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर पैसे वाचतात म्हणून प्लॅस्टिकवर वापरू नका. पृष्ठभाग कुरतडला जातो आणि मग कितीही घासा, तो परत येत नाही. खिडकी उघडी ठेवा, फवारताना वाफांसाठीचा मास्क घाला आणि गॅस पेटलेला असेल तर स्वयंपाकघरात हे काम नकोच.

स्प्रू कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा. साच्यातून निघताना लागलेला तेलकटपणा राहिला तर पुढे रंग सोलून येतो.

कॉकपिट आणि नाकातलं वजन

हंटरचं कॉकपिट काळं असतं. पण सरळ काळा रंग लावलात तर आतलं सगळं एका खड्ड्यात बुडालेलं दिसतं. गडद राखाडी लावा आणि कोपऱ्यांत काळा पातळ करून सोडा. मग जवळजवळ कोरड्या ब्रशला किंचित फिका राखाडी घेऊन उंचवट्यांवरून फिरवा. बटणं आणि डायल आपोआप उठून येतात. मार्टिन-बेकर खुर्चीच्या डोक्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं हँडल असतं. आणीबाणीत वैमानिकाने ते ओढलं की खुर्ची बाहेर उडते. १:७२ ला ते दोन मिलिमीटरही नसतं, पण बघणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाते. तेवढ्यासाठी भिंग घ्या. बाकी खुर्चीवर तासन्‌तास घालवायची गरज नाही, काच बसल्यावर त्यातलं निम्मंही दिसत नाही.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी पायरी. हंटरला पुढे एक आणि मागे दोन चाकं आहेत. नाकात वजन नसेल तर मॉडेल शेपटीवर बसतं. माझं बसलं होतं, तेही रंगकाम, डिकॅल सगळं झाल्यावर. मासे धरायच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या नाकाच्या पोकळीत कॉकपिटच्या पुढे ठासा आणि जाड गोंदाने पक्क्या करा. किती? धड आणि पंख टेपने तात्पुरते जोडा, मागच्या मुख्य चाकांची जागा बोटांवर टेकवून मॉडेल तोला आणि नाक ठामपणे खाली जाईपर्यंत गोळ्या वाढवत न्या. मग वर दोन जास्तीच्या टाका. शिसं हाताळल्यावर हात धुवा.

जोडणी, आणि कुठल्या फटी बुजवायच्या नाहीत

प्रत्येक तुकडा आधी गोंदाशिवाय बसवून बघा. धडाचे दोन अर्धे टेपने जोडून, पंख लावून, उजेडासमोर धरा. कुठे फट पडते ते आत्ताच कळलं तर कानसेचे चार हात पुरतात. नंतर कळलं तर पुट्टीचे थर चढतात.

पातळ सिमेंट लावायची रीत अशी: दोन अर्धे जुळवून धरा आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवा. द्रव आपणच फटीत पळतो. दहा-पंधरा सेकंदांनी हलकेच दाबा. वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक रेघ फटीतून वर आली पाहिजे. तिला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी ती खरवडून वॉटर पेपरने घासली की बहुतेक ठिकाणी पुट्टी लागतच नाही. मी आजही घाईत त्याच दिवशी घासतो आणि आठवड्यानंतर तिथेच बारीक खोलगट रेघ उमटलेली दिसते.

हंटरच्या धडावर काही फटी खऱ्या आहेत, काही फक्त किटच्या. धडाच्या पाठीवरून आणि पोटावरून मधोमध जाणारी जोडरेषा किटची, ती पूर्ण घालवायची. पण शेपटीकडचं धड खऱ्या विमानात इंजिन काढण्यासाठी सुटं होतं. तिथला आडवा सांधा खरा आहे, तो ठेवायचा. नाकाखाली ३० मि.मी.च्या चार एडन तोफांचा संच असतो. नळ्या विमानातच राहायच्या आणि बाकीचा संच दारूगोळ्यासकट खाली उतरवून भरलेला दुसरा चढवायचा, अशी युक्ती होती. विमान काही मिनिटांत पुन्हा उड्डाणाला तयार व्हावं हा उद्देश. त्या संचाची चौकट पोटावर ठळक दिसते. तिच्या रेषा घासताना पुसल्या गेल्या तर टोकदार सुईने पट्टी धरून पुन्हा कोरा. याच भागाच्या दोन्ही बाजूंना दोन गोल फुगवटे आहेत. तोफा झाडल्यावर सुटणाऱ्या कड्या बाहेर पडून विमानालाच लागू नयेत म्हणून त्या गोळा करायची ती जागा. ब्रिटिश वैमानिकांनी त्यांना त्या काळच्या एका अभिनेत्रीच्या नावावरून 'सब्रिना' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव रूढ झालं. विनोद जुनाट आहे, पण हंटर करणाऱ्यांच्या तोंडी आजही हाच शब्द असतो.

पंखांच्या मुळाशी हवा आत घेणारी त्रिकोणी तोंडं आहेत. त्यांच्या आतली जोडरेषा पंख बंद करण्यापूर्वीच घासा, नंतर तिथे बोट जात नाही. आतून पांढुरका चंदेरी रंगही आधीच मारा.

पंख आणि शेपटीचे आडवे पंख चिकटवले की मॉडेल समोरून बघा. चौकटीची वही मागे उभी धरली तर दोन्ही टोकं सारख्या उंचीवर आहेत का ते लगेच कळतं. गोंद ओला असेपर्यंत दुरुस्ती करता येते. पोटाखालचा एअरब्रेक (हवेत वेग कमी करायला उघडणारी झडप) बंदच चिकटवा.

ब्रेक पॅराशूटचा फुगवटा किटमध्ये नसेल तर तो घरी होतो. जाडसर स्प्रूचा तुकडा कापा, उभा अर्धा घासा, टोक निमुळतं करा, जेटच्या वर चिकटवा आणि कडा पुट्टीने धडात मिसळवा. फोटो तीनदा बघून मगच कापा.

रंग: चंदेरी आधी

राखाडी प्रायमरचा एक पातळ हात द्या. राहिलेले सगळे ओरखडे त्यात उघडे पडतात. घासा आणि पुन्हा प्रायमर द्या. खालच्या बाजूला चंदेरी येणार असेल तर हे काम दुप्पट काळजीने करा, कारण चंदेरी रंग काहीही लपवत नाही.

सर्वसाधारण योजना अशी: वर ब्रिटिश गडद हिरवा आणि गडद समुद्री राखाडी, खाली चंदेरी. हंब्रॉलमध्ये १६३ आणि १६४, टामियामध्ये एक्सएफ-८१ आणि एक्सएफ-५४ हे जवळचे पर्याय. पण वर्षानुवर्षं सेवेत असलेल्या विमानांचे रंग बदलत जातात, म्हणून शेवटचा शब्द तुमच्या फोटोचा. बाटलीतला रंग आहे तसा लावला तर छोट्या मॉडेलवर तो जास्तच काळपट दिसतो. दहात एक भाग पांढरा किंवा फिका राखाडी मिसळा.

पहिला हात खालच्या चंदेरीचा. इथे पावसाळ्याची गोष्ट सांगायलाच हवी. एका ऑगस्टमध्ये, बाहेर धो-धो पाऊस असताना, मी लॅकरचा चंदेरी फवारला. पाच मिनिटांत पंखांवर दुधाळ धुरकटपणा आला. थिनर वेगाने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं बाष्प त्यावर बसतं. रिटार्डर (वाळणं मंदावणारं द्रव्य) घातलेलं थिनर हलकं फवारल्यावर ते बहुतेक निघालं, पण चमक गेली ती गेलीच. पावसाळ्यात एकतर ॲक्रिलिक वापरा, नाहीतर आकाश उघडायची वाट बघा.

चंदेरी पूर्ण वाळल्यावर (मी दोन दिवस देतो) त्यावर पारदर्शक चकाकीचा हात द्या आणि टेपने झाका. रंगारी वापरतात ती कागदी टेप जाड असते आणि तिच्या कडेखाली रंग झिरपतो. मॉडेलसाठीची पिवळी टेप महाग असली तरी तीच घ्या. लावण्यापूर्वी तळहातावर एकदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा.

मग सगळ्या वरच्या बाजूला राखाडी, आणि तो वाळला की हिरव्याचे पट्टे. खऱ्या विमानावर दोन रंगांच्या सीमेवर पाच सेंटीमीटरची धूसर कड असेल तर १:७२ ला ती जेमतेम ०.७ मि.मी. होते. मोकळ्या हाताने एअरब्रश फिरवून अशी कड येत नाही, निदान माझ्याने तरी येत नाही. त्यापेक्षा किटमधल्या रंगयोजनेचं चित्र झेरॉक्सच्या दुकानात मोठं करून आणा. चित्रातलं विमान १२ सें.मी. असेल आणि मॉडेल १९.४ सें.मी., तर १६२ टक्के. त्या कागदातून पट्ट्यांचे आकार कापा आणि टेपच्या छोट्या वळकट्यांवर ते मॉडेलपासून अर्धा मिलिमीटर उचलून चिकटवा. फवारा नेहमी वरून सरळ मारा. कागदाखाली किंचित रंग जातो आणि हवी तेवढीच मऊ कड मिळते. एअरब्रश नसेल तर सपाट ब्रशने पातळ केलेल्या रंगाचे तीन हात द्या, आधीचा वाळल्याशिवाय पुढचा नाही. सीमा टोकदार येईल, पण १:७२ ला ती खटकत नाही.

डिकॅल

मॅट रंगावर डिकॅल लावलं तर खाली हवेचे बारीक बुडबुडे राहतात आणि तिरक्या उजेडात चंदेरी चकाकतात. म्हणून आधी पारदर्शक चकाकीचा थर. कोमट पाण्यात अर्धा मिनिट, मग कागदावरून सरकवून जागेवर. डिकॅल बसवायच्या दोन द्रवांपैकी मायक्रो सेट खाली, मायक्रो सोल वर. दुसऱ्या द्रवाने डिकॅल सुरकुततं आणि नवखा माणूस घाबरून बोट लावतो. लावू नका. अर्ध्या तासात ते आपोआप ताणून पॅनेलच्या (विमानाच्या पत्र्यांच्या) रेषांमध्ये बसतं.

भारतीय चक्रात केशरी मध्ये, मग पांढरा, बाहेर हिरवा. गडद हिरव्या कॅमोफ्लाजवर बाहेरचा हिरवा हरवतो, त्यामुळे चक्र आहे त्यापेक्षा लहान भासतं. ते बरोबरच आहे. शेपटीचे पट्टे लावताना कुठला रंग पुढच्या कडेला आहे ते डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंच्या फोटोंत तपासा. एकाच बाजूचा फोटो बघून दुसरी बाजू अंदाजाने लावणं ही फार सामान्य चूक आहे, चांगल्या-चांगल्या प्रदर्शनांतही दिसते.

वापरलेलं विमान, मोडकळीला आलेलं नव्हे

४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री लोंगेवाल्याच्या चौकीवर पाकिस्तानी रणगाडे चालून आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या कंपनीने रात्रभर चौकी धरली. हंटरना रात्री लढण्याची सोय नव्हती. उजाडताच जैसलमेरहून विमानं उठली आणि टी-१० रॉकेटं व ३० मि.मी. तोफांनी उघड्या वाळूत सापडलेले रणगाडे टिपले. जीव वाचवायला गोल-गोल फिरलेल्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या वाळूत उमटलेल्या हवाई छायाचित्रांत दिसतात.

मॉडेलवर धूळ नि काजळी कुठे दाखवायची ते या प्रसंगातूनच ठरतं. विमान दिवसात अनेकदा उडालेलं, तोफा झाडलेल्या, तळ वाळवंटातला. पण वायुसेनेचे जमिनीवरचे तंत्रज्ञ विमान पुसून ठेवणारे. गंज, सोललेला रंग, जागोजागी ओघळ असलं काही नको.

आधी रेषांमध्ये पातळ गडद तपकिरी-राखाडी ऑइल कलर सोडा आणि वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे, पुसा. पंखाच्या हलणाऱ्या भागांच्या फटी थोड्या गडद, बाकीच्या जेमतेम दिसतील इतक्याच. काळा रंग वापरला तर विमान पिंजऱ्यासारखं दिसतं. मग पेस्टल खडू ब्लेडने खरवडून भुकटी करा. करडा-तपकिरी तोफांच्या तोंडांमागून सब्रिनांकडे अस्पष्ट ओढा. वाळूचा फिका पिवळसर चाकांवर, चाकांच्या खोबणीत आणि पुढच्या चाकामागच्या पोटावर लावा, कारण धूळ चाकांनी उडते. पाठीवर आणि पंखांवर फक्त उन्हाने विटलेला भाव हवा. त्यासाठी मूळ रंगात थोडा पांढरा घालून पॅनेलच्या मधोमध अतिशय पातळ फवारा. हात इथेच आवरा. सगळं झाल्यावर सॅटिन पारदर्शक थर द्या.

शेवटची बैठक

काच सगळ्यात शेवटी. ती फेविक्विकने लावू नका, त्याच्या वाफेने आतून पांढरी पडते आणि मग सगळं कॉकपिट गेलं. साधा फेविकॉल टूथपिकच्या टोकाने कडेला लावा. सुकल्यावर तो पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या कापसाने पुसता येतो. काच त्याआधी पारदर्शक ॲक्रिलिक चकाकीत एकदा बुडवून, झाकणाखाली धूळ न लागता सुकवली तर काचेसारखीच चकाकते.

पंखाच्या टोकाकडची पिटो नळी (विमानाचा वेग मोजायची) किटमध्ये असते तशी ठेवलीत तर ती जाडी दिसते आणि पहिल्या झाडू-पोछाला तुटते. पंखात बारीक भोक पाडून शिवणाची पातळ सुई बसवा आणि मागचा भाग आत घालवा. ती टोचते, तेव्हा घरात लहान मूल असेल तर टोक घासून बोथट करा. टोकांवरचे दिवे डावीकडे लाल, उजवीकडे हिरवे, पारदर्शक रंगाने. चाकांचा जमिनीला टेकणारा भाग किंचित सपाट घासा. विमानाचं वजन एवढ्यानेच दिसतं.

खोक्यात उरलेल्या ब्रिटिश खुणा, जादा रॉकेटं आणि टाक्या डबीत भरून ठेवा. पुढच्या वेळी नवं डिकॅल-द्रव आणलं की आधी त्या खुणा माळ्यावरच्या जुन्या मॉडेलवर लावून बघा. नव्या विमानावर प्रयोग नको.